अख्खं पापलेट की तुकडी : नागपुरात बसून समुद्र कसा राखायचा

प्रश्न असा आहे : नागपुरात आमचं छोटं भोजनालय आहे. रोहू-कटल्यासोबत पापलेट, सुरमई आणि झिंगेही ठेवतो. समुद्रातली मासळी संपत चालली असं सारखं कानावर येतं. समुद्र आमच्यापासून दोन्हीकडे सातआठशे किलोमीटर. समुद्राची मासळी बंदच करून टाकावी का, की इथं बसून करण्यासारखं आणखी काही आहे?

बंद करू नका. तुम्ही मासळी घेणं थांबवलंत तर तुमचा माल दुसरा कोणी तरी घेईल आणि बोटी पूर्वीसारख्याच निघतील. तुमच्या हातात यापेक्षा मोठी गोष्ट आहे. एका ताटात एक अख्खं पापलेट देण्याची पद्धत तुम्ही सोडू शकता. आधी त्याबद्दलच सविस्तर लिहितो, कारण बाकी सगळं मिळूनही एवढा फरक पडणार नाही.

शंभर-सव्वाशे ग्रॅमचं पापलेट तव्यावर नीट बसतं, माणशी एक असा हिशोब सोपा होतो, कापायची कटकट नाही. म्हणून आतल्या शहरांतले हॉटेलवाले पुरवठादाराकडे ‘प्लेट साइज’ मागतात. पण पापलेट साधारण वीतभर लांब झाल्याशिवाय प्रजननाला येत नाही, आणि सव्वाशे ग्रॅमचा मासा त्याच्या आतलाच असतो. म्हणजे ज्याने एकदाही अंडी घातली नाहीत तोच मासा आपण मापाने मागवतो. मुंबईत गिऱ्हाईक आणि कोळीण दोघंही मालाचं वय ओळखतात, बारीक पापलेट पाहून गिऱ्हाईक नाक मुरडतं. इथं तसं होत नाही, म्हणून बारीक माल आतल्या बाजारात खपवणं सोपं जातं.

हिशोब करून पाहा. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, कारण तो लांबीसोबत रुंदी आणि जाडीतही वाढतो. १२ सेंटिमीटरची शंभर पिलं जाळ्यात आली आणि एकेक ४० ग्रॅमचं धरलं, तर वजन भरलं ४ किलो. तीच पाण्यात राहून २४ सेंटिमीटरची झाली असती, आणि मधल्या काळात निम्मी मेली किंवा दुसऱ्या माशांच्या पोटात गेली असं धरलं, तरी उरलेल्या पन्नासांचं वजन १६ किलो झालं असतं. शिवाय त्या पन्नासांनी अंडी घातली असती ती वेगळीच. मोठ्या मालाचा किलोमागचा भावही जास्त, म्हणजे नाखव्याचं, बोटवाल्याचं, नुकसान चौपटीपेक्षा मोठं. शाश्वत मासेमारी म्हणतात ती या हिशोबावर उभी आहे : मासा एकदा तरी अंडी घालून मग जाळ्यात यावा.

तुम्ही करायचं एवढंच. ४०० ते ५०० ग्रॅमचं पापलेट मागवा आणि तुकडीवर विका. ४५० ग्रॅमच्या माशाचे पर, शेपटी आणि आतडी काढली की आडव्या चार चांगल्या तुकड्या निघतात, डोकं रश्श्याला जातं. तुकडी दोन सेंटिमीटरपेक्षा पातळ पाडू नका. सावजी रश्श्यात पातळ तुकडी उकळताना फुटते, मग आचारी म्हणतो ‘लहानच बरं होतं’ आणि गाडी पुन्हा मूळ पदावर. तव्यासाठी तुकडीला हळद-मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत निथळत ठेवा. बर्फातल्या माशातलं पाणी निघून जातं आणि मसाला सुटत नाही. दरपत्रकावर ‘पापलेट फ्राय’ऐवजी ‘पापलेट तुकडी’ असं स्वच्छ लिहा, नाहीतर अख्ख्या माशाच्या अपेक्षेने आलेलं गिऱ्हाईक वाद घालतं.

मापाबद्दल कायदाही आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी मासे पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. रुपेरी पापलेट, म्हणजे सरंगा, १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. त्याच वर्षी रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. पालघरजवळच्या सातपाटीच्या मच्छीमारांनी त्यासाठी बराच आग्रह धरला होता, कारण त्या बंदराची सगळी ओळखच पापलेटवर आहे. केरळने अशी मापं २०१५ पासून लावली. तिथं तारलीला १० सेंटिमीटर, बांगड्याला १४. एक लक्षात ठेवा, कायद्याचं माप हे त्याखालचा मासा पाण्यात सोडून देण्याचं माप आहे, खरेदीचं नव्हे. १३५ मिलिमीटरचं पापलेट कायद्याने चालतं, पण ते अजून पिल्लूच. खरेदीत वीत धरा.

मोजायचं असं. मासा सपाट ठेवा, तोंड मिटलेलं, थोबाडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. पापलेटची शेपटी खोल दुभंगलेली असते आणि खालचं टोक लांब. ते नैसर्गिक ठेवूनच मोजा, ओढून लांब करू नका. कापायच्या पाटावर कायमची खूण करून ठेवली की मुलगा रोज पट्टी शोधत बसत नाही : एक रेघ १३.५ सेंटिमीटरवर, एक २२ वर (वीत), एक ३७ वर. आणि माल अख्खाच मागवा, डोकं आणि शेपटीसकट. डोकं काढून, शेपटी छाटून, गोठवून आलेल्या माशाचं वय कळायचा मार्गच राहत नाही. सुरमईत हे फार होतं. ३७ सेंटिमीटरच्या आतली सुरमई तुकड्या करून आली तर तुकडीचा घेर रुपया-दोन रुपयांच्या नाण्यांची जोडी मांडावी एवढाच दिसतो. तशी तुकडी दिसली की परत पाठवा.

पुरवठादार दोन कारणं सांगेल. पहिलं, ‘ही जातच लहान असते’. मांदेली, काप, जवळा यांच्याबाबत ते खरंच आहे, पापलेट-सुरमईबाबत नाही. दुसरं, ‘आत्ता हाच माल येतोय’. हे कधी कधी खरं असतं, आणि तेच नेमकं काळजीचं आहे. अशा वेळी त्या आठवड्यात पापलेट ठेवू नका, बांगडा ठेवा.

आता हा बारीक माल जाळ्यात येतो कसा, ते समजून घ्या, म्हणजे कोणाला काय विचारायचं ते कळेल.

ट्रॉल जाळं बोटीमागून तळाला घासत ओढतात. मासळी साठते ती शेवटच्या खोळीत. खोळीचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, तिरका, शंकरपाळ्याच्या आकाराचा असेल तर ओढ बसली की तो मिटतो, आणि कागदावर मोठा असलेला आस पाण्यात बंद होऊन बसतो. म्हणून शास्त्रज्ञ ४० मिलिमीटरचा चौकोनी आस सुचवतात. तो ताणाखालीही उघडा राहतो आणि पिलं निसटतात. तरी तो सर्रास वापरला जात नाही, कारण निसटणाऱ्यात बारकी कोळंबीही असते आणि फिशमीलच्या, म्हणजे माशांच्या भुकटीच्या, कारखान्याला विकला जाणारा चुरा मालही. डिझेलचा खर्च निघेना झाला की तो चुराच नाखव्याला आधार वाटतो. त्याला दोष देऊन भागत नाही, त्याचा हिशोब बदलायला हवा, आणि तो मोठ्या मासळीला चांगला भाव मिळाला तरच बदलतो.

डोल जाळ्याची अडचण आणखी गुंतागुंतीची. ते खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या ओढीत उभं राहतं, मासा आपणहून आत येतो. इंधन कमी, तळाची नासधूस नाही, त्यामुळे पद्धत म्हणून उत्तम. पण ते बोंबील आणि जवळ्यासाठी असल्याने खोळीचा आस फार बारीक, आणि त्याच पाण्यात पापलेटची पिलं असतात. आस वाढवा म्हटलं तर जवळा जातो, जवळा गेला की सुक्या मासळीवर जगणाऱ्या बाया रिकाम्या. इथं आसापेक्षा जागा आणि महिना पाळणं जास्त उपयोगी पडतं : पिलांचा थवा आला की त्या भागातली डोल काही आठवडे उचलायची. हे सरकारी आदेशापेक्षा मच्छीमार सोसायट्यांनी आपसात ठरवलं तरच टिकतं.

प्रखर एलईडी दिवे लावून केलेल्या मासेमारीला मात्र काहीच बचाव नाही. दिव्याखाली लहानमोठं सगळं गोळा होतं आणि पर्ससीनचा, म्हणजे थव्याभोवती टाकून खालून आवळायच्या जाळ्याचा, फास आवळला की थवाच्या थवा जातो. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर बंदी घातली, महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपला १९८१ चा सागरी मासेमारी कायदा सुधारून दंड लाखांत नेला, आणि जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने पाळत सुरू झाली. तरी दिवे लागतात, ही खंतावणारी गोष्ट आहे.

मासा कल्ल्यांपाशी अडकवणाऱ्या उभ्या जाळ्यात पकडलेलं पापलेट तुम्ही टेबलावर ओळखू शकता. कल्ल्यांच्या मागे किंवा अंगाच्या जाड भागाभोवती सुतासारखी दाबाची रेघ असते, बाकी अंग चकचकीत. ट्रॉलचा मासा ढिगाखाली दबलेला असतो : कातडी घासलेली, पोट चेपलेलं, कल्ल्यांत गाळ. उभ्या जाळ्याच्या आसात ठरावीक जाडीचाच मासा अडकतो, लहान निघून जातो. रेघ असलेला माल चार पैसे जास्त देऊन घ्या.

सगळी मासळी संपत आली असं मात्र समजू नका. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ च्या स्थितीबद्दल भारतातले १३५ साठे (एखाद्या भागातली एका जातीची सगळी मासळी म्हणजे एक साठा) तपासले, त्यातले ९१.१ टक्के ठीक निघाले. जगाचं चित्र याहून वाईट आहे. तिथं एक तृतीयांशाहून थोडे जास्त साठे अतिमासेमारीत आहेत. पण आपल्याकडची घसरण झाली की किती झपाट्याने होते, ते केरळच्या तारलीने दाखवलं. २०१२ साली तिथं सुमारे ४ लाख टन तारली मिळाली, २०२१ साली साडेतीन हजार टनांच्या आत. समुद्र तापणं, पावसाचं आणि प्रवाहांचं बदलणं ही कारणं त्यात आहेतच. अशा वाईट वर्षांत पिलंही उपसली तर सावरायला बीजच उरत नाही. हवामान आपल्या हातात नाही, आस आणि माप आहे. मुंबईलगतच्या वाळूतल्या शेवंडीचंही असंच झालं. अंडी पोटाखाली घेतलेल्या माद्या ट्रॉलमध्ये येत राहिल्या आणि १९९० च्या दशकात ती मासेमारी जवळपास बसली.

आता तारखा, कारण नागपूरला दोन्ही किनाऱ्यांचा माल येतो आणि दोन्हींची बंदी वेगळी. पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे विशाखापट्टणम-काकीनाड्याकडे, १५ एप्रिल ते १४ जून. पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे महाराष्ट्र-गोवा-कर्नाटकाकडे, १ जून ते ३१ जुलै. दोन्ही ६१ दिवसांच्या. बिनयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट असते, पण त्यांचा माल किनाऱ्यावरच संपतो. म्हणजे १ ते १४ जून या दोन आठवड्यांत दोन्ही किनारे बंद. त्या दिवसांत कोणी ‘आज सकाळचं ताजं पापलेट’ म्हणाला, तर तो एकतर गोठवलेला माल वितळवून देतोय, नाहीतर बंदी मोडून आणलेला. गोठवलेला असेल तर तसं सांगून विकायला हरकत नाही. ओळखायला डोळा पाहा : गोठवून वितळलेल्या माशाचा डोळा पांढुरका आणि बसका, बोट दाबलं की मांसाला खड्डा तसाच राहतो, आणि डब्यात गुलाबी पाणी फार साठतं.

१५ जूननंतर पूर्वेचा माल सुरू होतो, तेव्हा जून अखेर आणि जुलै त्यावर काढा. लग्नसराईतल्या एप्रिल-मेच्या ऑर्डरी पश्चिमेकडून घ्या. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेनंतर पश्चिमेचा ताजा माल मनाजोगता मिळायला लागतो. सुरुवातीच्या पंधरवड्यात भाव पडतात आणि त्यात बारीक मालही खूप असतो, म्हणून त्याच वेळी पाटावरच्या रेघा जास्त कडकपणे पाळा.

काही मासे मात्र दरपत्रकावरून काढूनच टाका. मुशी, म्हणजे लहान शार्क, आणि पाकट. हे मासे वयात यायला कित्येक वर्षं घेतात आणि एका वेळी मोजकीच पिलं देतात, लाखो अंडी नव्हे. त्यांचा उपसा भरून निघत नाही. यातल्या काही जाती वन्यजीव कायद्याने संरक्षितही आहेत आणि डोकं-पर कापलेल्या तुकडीवरून जात ओळखणं तुमच्याकडून होणार नाही. पोटाखाली अंड्यांचा गेंद असलेली खेकडी आणि शेवंड घेऊ नका. गाबोळीची फर्माईश होते, ती रोहू-कटल्याच्या गाबोळीवर भागवा, पाळीव मासळीचीच. आणि पाळीवच हवी, हेही सांगतो : पहिल्या पावसात ओढ्या-नाल्यांतून वर चढणारे अंड्यावरचे मासे, चढणीचे मासे, विदर्भात आवडीने खाल्ले जातात. त्यांचीही तीच गत आहे. जुलैत बाजारात रानातल्या मरळ-पढीणांच्या भरल्या पोटाच्या टोपल्या येतात, तेव्हा हात आवरा.

याउलट जे निर्धास्त ठेवता येतं ते म्हणजे झपाट्याने वाढणारी, थोड्या आयुष्याची मासळी : बांगडा, तारली, मांदेली, बोंबील. बांगडा सावजी मसाल्यात फार छान लागतो, कारण त्याच्या अंगच्या तेलाला तिखट झेपतं. नागपुरात त्याला अजून हवं तेवढं गिऱ्हाईक नाही, ते तयार करणं तुमच्यासारख्यांच्याच हातात आहे. बांगडा लवकर उतरतो, म्हणून बर्फ आणि मासा सम वजनाने, थरावर थर, आणि खालून पाणी निथळायला भोक असलेला डबा. भोक बुजलं तर खालचा थर गुलाबी पाण्यात तासातासाने खराब होतो. सडून फेकलेला मासा हा फुकट मारलेला मासा आहे, त्यामुळे बर्फ नीट लावणं हेसुद्धा समुद्र राखणंच.

‘पापलेट’ म्हणून नागपुरात बरंच काही विकलं जातं, त्यात रूपचंद पहिला. तो आंध्रातल्या तळ्यांत पाळलेला गोड्या पाण्यातला परदेशी मासा आहे. अंगाने गोल आणि चपटा, म्हणून फसवायला सोपा. त्याला उलटा करून पाहा. पोटाखाली परांची जोडी असते, खऱ्या पापलेटला ती नसतेच. पाठीवरचा पर आणि शेपटी यांच्यामध्ये रूपचंदला मांसल छोटा पर असतो, पापलेटला नसतो. तोंड उघडलंत तर माणसाच्या दाढांसारखे दात दिसतील. पोटाला लाली असते, पण मेल्यावर ती फिकी होते, म्हणून रंगावर जाऊ नका. रूपचंद खाण्याने समुद्राचं काही बिघडत नाही, पण पापलेटच्या भावात विकला तर गिऱ्हाईकाची फसवणूक होते. पुरात तळं फुटून तो आपल्या नद्यांत शिरला तर स्थानिक माशांवर संकट, ही दुसरी बाजू.

झिंग्यांबद्दल थोडक्यात. समुद्रातली ट्रॉलची कोळंबी घेतली तर तिच्या प्रत्येक किलोमागे कित्येक किलो इतर जीव वर येतात, त्यात कासवंही. कासव निसटायची जाळी न लावल्यामुळेच अमेरिकेने २०१८ पासून भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. तळ्यात पाळलेली व्हॅनामी कोळंबी घेतली तर हे टळतं, पण तिच्या खाद्यात फिशमील असतं, म्हणजे समुद्राशी नातं तुटत नाही. माझं मत पाळीवच्या बाजूने आहे, प्रमाण बेताचं ठेवून. रोहू-कटला-मृगळ यांना कोंडा आणि ढेप पुरते, त्यांच्यासाठी समुद्रातला मासा दळावा लागत नाही. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतला, ढिवर बांधवांच्या सोसायटीचा रोहू तुमच्या दरपत्रकाचा कणा असावा आणि समुद्राची मासळी आठवड्यातून दोन-तीन दिवस. पर्यावरणाच्या दृष्टीने यापेक्षा चांगली मांडणी मला सुचत नाही.

सुकी मासळी ही नागपूरची समुद्राशी असलेली सगळ्यात जुनी ओळख, आणि ती टिकवण्यासारखी. बर्फ नाही, वीज नाही. किनाऱ्यावर पावसाआधी आगोट म्हणून जी साठवण करतात तशी तुम्हीही मेच्या मध्यात करा, म्हणजे जूनच्या बंद आठवड्यांत चिंता नाही. बोंबील वलांडीवर टांगून वाळवलेला घ्या. दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टाकतात, त्यामुळे चांगल्या मालाच्या जबड्यापाशी अडकवल्याची खूण आणि अंगाला किंचित बाक असतो. वाळूत पसरून वाळवलेल्याला कण चिकटलेले असतात आणि ओलही राहते. ओल्या बोंबलात पाणीच इतकं असतं की सुक्या एका किलोला सहा-सात किलो ओले लागतात, म्हणून सुका बोंबील स्वस्त मिळत असेल तर तो अर्धवट वाळलेला असणार, आठवड्यात बुरशी धरणार.

जवळा किंवा सुकट घेताना मूठभर पांढऱ्या ताटलीत पसरा आणि बोटाने वेगळं करत जा. जवळ्याचे दाणे बाकदार, डोळ्याचा काळा ठिपका असलेले. त्यात चपट्या, चांदीसारख्या, नखाएवढ्या चकत्या दिसल्या तर ती माशांची पिलं, त्यात पापलेटचीही असू शकतात. दोन-चार असणारच, मूठभरात पंधरा-वीस निघाली तर तो माल घेऊ नका आणि का घेत नाही ते दुकानदाराला सांगा. तो पुढे सांगतो.

फॉर्मेलिनची भीती बऱ्याच जणांना असते. मासा ताठ, वास नाही, माशी बसत नाही, कल्ले मात्र विटकरी, अशी विसंगती दिसली तर शंका घ्या. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीची झटपट चाचणी काढली आहे. तिने पाहून, गरज वाटली तर अन्न व औषध प्रशासनाकडे नमुना द्या. मासळीच्या जाती ओळखायला शिकायचं असेल तर सेमिनरी हिल्स-तेलंगखेडीचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आपल्याच शहरात आहे, तिथल्या लोकांना विचारायला संकोच करू नका.

शेवटची बाब पाण्याची, आणि इथं ‘समुद्र सातआठशे किलोमीटर’ हे गणित चुकतं. तुमच्या मोरीचं पाणी नाग नदीत, नाग कन्हानमध्ये, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत, मग गोसीखुर्दचं धरण, पुढे चपराळ्याला वर्धेशी मिळून प्राणहिता, सिरोंच्याजवळ गोदावरी, आणि राजमहेंद्रीच्या खाली बंगालचा उपसागर. त्या मुखाशी कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे, कोळंबी-खेकड्यांची आणि कित्येक माशांची रोपवाटिकाच. पावसाळ्यात समुद्रातून गोदावरीत चढणारा पुलसा याच पाण्यात येतो.

नागपूरची सगळी घाण तिथपर्यंत पोचते असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. बरीचशी गोसीखुर्दच्या जलाशयात बसते, आणि पहिला मार तिथल्या मच्छीमारांना. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते, जाळं टाकायला जागा राहत नाही, आणि ती कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो. माशांना लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. त्याखाली गेलं की कटला आधी वर येऊन तोंड उघडतो, मग मरतो. विरघळलेलं नत्र आणि तरंगणारं प्लास्टिक पुरात दारं उघडली की पुढे जातं. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध झालेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिलं जातं, ही या शहराची मोठी जमेची बाजू. पण जे पाणी केंद्रापर्यंत न जाता थेट नाल्यात पडतं, ते तसंच पुढे जातं. तुमची मोरी कुठे जोडली आहे ते एकदा महापालिकेच्या झोन कार्यालयात विचारून खात्री करा. जुन्या वस्त्यांत पावसाच्या गटारात जोडलेल्या मोऱ्या निघतात.

स्वयंपाकघरापुरतं : मोरीच्या तोंडाशी तेल अडवणारी पेटी बसवा आणि वर साचलेली साय आठवड्याला काढून कोरड्या कचऱ्यासोबत नव्हे, भुशात कालवून द्या. साय काढली नाही की पेटी नुसती वाट देते, अडवत काहीच नाही. तळणाचं तेल नाल्यात ओतू नका. वापरलेलं तेल जैवइंधनासाठी गोळा करणारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची व्यवस्था २०१८ पासून आहे, आणि दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. तुम्ही त्याच्या आत असलात तरी शेजारच्या चार जणांनी मिळून एक पिंप भरलं की गोळा करणारा येतो. मासळीचं पाणी, खवले आणि आतडी मोरीत सोडू नका, ओल्या कचऱ्यात द्या.

आणि मासळी येते ते थर्माकोलचे खोके. फुटले की त्यांचे दाणे होतात, नाल्यातून उचलता येत नाहीत आणि मासे ते अन्न समजून गिळतात. पुरवठादाराशी बोलून उष्णतारोधक प्लास्टिकच्या क्रेट ठरवा, अनामत घेऊन परत करायच्या. क्रेट महाग वाटते, पण वर्षानुवर्षं चालते. तोवर आलेले खोके फोडू न देता धुवून, एकात एक घालून पुढच्या गाडीत परत पाठवा. भोईपुऱ्याच्या बाजारातून घेत असाल तर पाच-सहा भोजनालयांनी एकत्र सांगितलं की ठोक व्यापारी ऐकतो. एकट्याचं ऐकत नाही. त्याच बैठकीत मापाचंही बोलून घ्या : अख्खा मासा, वीतभरापेक्षा मोठं पापलेट, ३७ सेंटिमीटरवरची सुरमई, खोक्यावर बंदराचं नाव आणि भरल्याची तारीख. चिठ्ठीवर लिहून द्या, कारण फोनवर सांगितलेलं गाडी भरणाऱ्या पोरापर्यंत पोचत नाही.